रविवारचा पाळक, शुक्रवारची मंडळी

एका तरुण पाळकांनी विचारलंय, थोडक्यात असं: "बी.डी. (ईश्वरविज्ञानाची पदवी) करून पाळकपदाची दीक्षा घेतली त्याला तीन वर्षं झाली. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. रविवारच्या भक्तीला ऐंशी-नव्वद माणसं येतात. त्यातलीच निम्मीअधिक शुक्रवारी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपास-प्रार्थनेला बसतात. तिथे रडतात, टाळ्या वाजवतात, बरं झाल्याच्या साक्षी देतात. माझ्यासमोर मात्र घड्याळ बघतात. मला त्यांचं सगळं उथळ वाटतं आणि रात्री वाटतं, कोरडा मीच तर नाही ना? बिशपांकडे बदली मागू का?"

सलाम, रेव्हरंड. एकतीस वर्षं पाळक होतो, नगर आणि पुणे भागातली सहा पॅस्टोरेट (एका पाळकाकडे सोपवलेल्या मंडळ्या) फिरलो. निवृत्तीनंतर काही प्रोबेशनर (शिकाऊ पाळक) मुलांना हाताशी धरून शिकवलं. त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी हाच प्रश्न विचारला, फक्त शब्द वेगळे. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी माझी एक फजिती ऐका. दीक्षा होऊन दुसरंच वर्ष. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा नगरच्या एका दवाखान्यात होता, दोन्ही किडन्या गेलेल्या. मी गेलो, स्तोत्र २३ वाचलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". मग प्रार्थना केली, आणि चांगली केली. डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी, औषध परवडत नाही अशा सगळ्यांसाठी, आणि "तुझी इच्छा पूर्ण होवो" असं म्हणून आमेन. बाई डोळे पुसत होत्या. मी निघालो तर जिन्यापर्यंत मागे आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, हात नाही ठेवला त्याच्या डोक्यावर?"

मी परत गेलो, हात ठेवला. पण हात ठेवताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? मार्क सोळा, वचन अठरा. "त्यांनी दुखणाइतांवर हात ठेवले म्हणजे ते बरे होतील." आणि लगेच वर्गातल्या सरांचा आवाज: मार्कच्या शुभवर्तमानातली सोळाव्या अध्यायाची नऊ ते वीस ही वचनं सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या दोन प्रतींमध्ये शुभवर्तमान आठव्या वचनाला संपतं. बाईंचा जीव ज्या वचनावर टांगलेला होता, ते वचन माझ्यासाठी परीक्षेतली पाच मार्कांची टीप होती. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं.

ही दरी कशी पडते ते बघू. तुम्ही सेरामपूरच्या सिनेटची बी.डी. केली असणार. चार-पाच वर्षं. घरून निघालेला पोरगा कोण असतो? बहुतेक वेळा आजीचा नातू. पहाटे चार वाजता गोधडीत बसून मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या आजीचा. तिनं त्याला लहानपणी आजारात देवाला वाहिलेलं असतं, "बरा झाला तर तुझ्या सेवेला देईन" असं म्हणून. हा हन्नाचा नवस, शमुवेलाच्या गोष्टीतला. आता तो मुलगा पहिल्या वर्षी जुन्या कराराच्या तासाला बसतो आणि ऐकतो की मोशेची पाच पुस्तकं मोशेनं लिहिलेली नाहीत, त्यात वेगवेगळ्या काळातले धागे विणलेले आहेत. यशयाचा चाळीसावा अध्याय सुरू होतो तिथे संदेष्टाच बदलतो, काळ बाबेलच्या बंदिवासाचा येतो. पहिले दोन महिने झोप लागत नाही. काही जण गुडघ्यावर बसून रडतात, खरंच सांगतो, आमच्या वसतिगृहात मी पाहिलंय. मग हळूहळू गोडी लागते. मजकूर उघडत जातो, त्यातली माणसं दिसायला लागतात. देव लहान होत नाही, उलट मोठा होतो. निदान माझा झाला.

पण हे सगळं होताना प्रार्थनेची जागा सरकते. आधी प्रार्थना म्हणजे मागणं होतं, आता समजून घेणं होतं. आधी बायबल उघडलं की देव बोलायचा, आता लूक बोलतो, पौल बोलतो, आणि देवाचा आवाज त्यांच्या आडून ऐकावा लागतो. हा कमीपणा नाही, वेगळी सवय आहे. ती सवय लावायला पाच वर्षं, शिक्षक, ग्रंथालय आणि सोबत झगडणारे पंधरा मित्र लागले. मंडळीला यातलं काहीच मिळालेलं नसतं. मग पदवी घेऊन पोरगा परत येतो, पुलपिटवर चढतो, आणि जे शिकला त्यातलं एक अक्षर बोलत नाही. बोलला तर पंच उठतील, सेक्रेटरी बिशपांना पत्र लिहील. म्हणून तो मधलाच काहीतरी उपदेश करतो. त्याला स्वतःला तो पटतो अर्धा, लोकांना पोचतो पाव.

हे आपल्याकडचंच आहे असं समजू नका. १९६३ साली इंग्लंडात वुलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी "वर आकाशात बसलेला देव" ही कल्पना सोडून द्या असं छोट्या पुस्तकातून उघड लिहिलं, तेव्हा गदारोळ झाला. गंमत अशी की त्यात मांडलेल्या टिलिख, बोनहॉफर, बुल्टमान या जर्मन ईश्वरविज्ञानी मंडळींच्या गोष्टी धर्मपंडितांना चांगल्या ठाऊक होत्या. धक्का बसला तो बाकांवरच्या लोकांना. अमेरिकेत वेगळ्या अंगानं तेच. १९६५ साली कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेला ओ देऊन कितीतरी गोरे पाळक चालत गेले आणि परत आल्यावर त्यांच्याच मंडळ्यांनी त्यांना विचारलं, तुम्हाला पगार कशासाठी देतो? जेफ्री हॅडन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं त्याच दशकात मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, एपिस्कोपल अशा मोठ्या जुन्या मंडळ्यांच्या हजारो पाळकांना प्रश्न विचारून १९६९ साली पुस्तक छापलं. पाळक आणि सभासद यांची श्रद्धा आणि समाजाबद्दलची समज दोन दिशांना चाललीय, हे त्यानं तेव्हाच मांडलं.

आपल्याकडे हा तिढा जास्त अवघड, कारण त्यात जात येते. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी भाषण केलं आणि पुढे ज्याला दलित ईश्वरविज्ञान म्हणतात त्याचा पाया घातला. निर्मळ मराठी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातलं "माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता" हे कबुलीचं वचन धरून ते म्हणत, आपणही आपलं मूळ असंच उभं राहून सांगायला हवं. सेमिनरीत हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या पणजोबांना गावाच्या आडावर पाणी भरू देत नव्हते, आणि हे कुणीतरी देवाच्या नावानं बोलत होतं.

तोच उपदेश मी पहिल्या पॅस्टोरेटमध्ये केला. भक्ती संपल्यावर एक निवृत्त हेडमास्तर, कोट घातलेले, माझा हात हातात धरून शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो हे नाव पुसायला. तुम्ही रविवारी परत लिहायला लागलात." याच हेडमास्तरांचा नातू जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारत होता, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत हिंदूच धरले, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणजे दाखल्यापुरतं नाव हवं, मंदिरात (आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो) नको. मला तेव्हा हा ढोंगीपणा वाटला. आता वाटत नाही. त्यांच्यासाठी देवाचं घर ही एकच जागा होती जिथे आठवड्यातून दीड तास कुणी जात विचारत नव्हतं. मी त्यांच्या मुक्तीचं शास्त्र घेऊन आलो आणि त्यांच्या हातातली तेवढी मुक्ती काढून घेतली. शास्त्र चुकीचं नव्हतं. वेळ, जागा आणि विचारण्याची रीत चुकली. हाच विषय पुढे मी बुधवारच्या बायबल अभ्यासात, त्यांनाच आजोबांच्या गोष्टी सांगायला लावून काढला, तेव्हा तेच हेडमास्तर पाऊण तास बोलले.

आता मंडळीची बाजू. तुम्ही लिहिलंय की शुक्रवारचं ते सगळं "बाहेरून आलेलं पेंटेकॉस्टल वारं" आहे, म्हणजे पवित्र आत्मा आणि बरं करणं यांवर भर देणाऱ्या पंथांचं. माईक, कीबोर्ड आणि "प्रेझ द लॉर्ड" बाहेरून आलंय, कबूल. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून "सलाम"च बसतो. पण रडणं, मागणं, हात ठेवणं, साक्ष देणं हे आपल्या घरचंच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले. ते स्वतः अमेरिकेतल्या धार्मिक जागृतीच्या लाटेतून निघालेले होते, त्यांच्या डायऱ्या अश्रूंनी भिजलेल्या असत. पुढे दुष्काळांच्या काळात आणि नंतर खेड्यापाड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं आली, बहुतेक महारवाडा-मांगवाड्यांतली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडे गाणं होतं, एकतारी होती, नवस होता, देवाशी भांडायची रीत होती. मिशनऱ्यानं त्यांना अक्षरं दिली आणि त्यांनी त्या अक्षरांना चाल लावली.

१९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये काय झालं ते तर तुम्ही चर्चच्या इतिहासात शिकलाच असाल. पंडिता रमाबाईंसारखी शास्त्री-पंडितांना पाणी पाजणारी बाई, हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करणारी. आणि तिच्याच आश्रमातल्या मुली तासन् तास मोठ्यानं रडत प्रार्थना करत होत्या. रमाबाईंनी त्यांना गप्प बसवलं नाही. एकाच अंगणात भाषांतराची टेबलं आणि ती प्रार्थना. मला नेहमी वाटतं, आपल्या सेमिनरीनं रमाबाईंचं टेबल उचललं आणि शेडवाल्यांनी अंगण.

आणि टिळक. नारायण वामन टिळक म्हणायचे की तुकारामाच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये राहिले, आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून संन्याशी झाले, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, जिथे बाप्तिस्मा घेतलेला-न घेतलेला कुणीही यावं. एका पाळकानं पगारी पाळकपण सोडून भक्तांत जाऊन बसावं, हे आपल्या मराठी मंडळीत शंभर वर्षांपूर्वी घडून गेलंय. आपण त्यांची गीतं 'उपासना संगीत'मधून क्रमांक सांगून म्हणतो, तिसरं कडवं गाळून, कारण वेळ होतो.

एक सांगायचं राहिलं. मंडळीची भक्ती एकच असते असंही धरू नका. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला जन्माला आली, सहा मंडळ्या मिळून. कागदावर एक झालो, गुडघे अजून एक झाले नाहीत. मी जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतून जुन्या अँग्लिकन मंडळीत बदलून गेलो, तेव्हा पहिल्या रविवारी वेदीपुढे मान न झुकवता सरळ चालत गेलो. म्हाताऱ्यांच्या बाकावरून असा उसासा आला की मला वाटलं कुणाला चक्कर आली. त्या लोकांची भक्ती शांत, गुडघे टेकून, छापील प्रार्थनेत. तिथे मी उत्स्फूर्त प्रार्थना केली की त्यांना ती तयारी न केल्यासारखी वाटायची. आणि त्याच गावातले त्यांचे मुलगे शुक्रवारी शेडमध्ये. शिवाय सप्टेंबरात यातलीच दोन-चार कुटुंबं श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला जायची, जी कॅथलिकांची. मेणबत्ती लावून यायची आणि मला पेढा द्यायची, कुठला ते न सांगता. मीही विचारायचो नाही.

ही न विचारण्याची, न सांगण्याची सवय मला सगळ्यांत महागात पडली, ती घरात.

आमच्या धाकट्या मुलीला पाच वर्षांची असताना फिट यायला लागल्या. पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी रोज रात्री तिच्याजवळ बसून हळू आवाजात प्रार्थना करायचो. एक दिवस चहाचा मसाला शोधताना हळदीच्या डब्यामागे एक छोटी बाटली सापडली, खोकल्याच्या औषधाची, आत तेल. बायकोला विचारलं. ती आधी गप्प, मग म्हणाली, आठ महिने झाले, दर शुक्रवारी तुम्ही कमिटीच्या मीटिंगला जाता तेव्हा मी पोरीला घेऊन प्रार्थनेला जाते. सगळ्या मंडळीला माहीत होतं. पाळकीणबाई शेडमध्ये येतात हे ऐंशी घरांना माहीत आणि पाळकाला नाही.

मी चिडलो. लोक काय म्हणतील, इथून सुरुवात केली, गोळ्या बंद केल्या नाहीत ना, इथपर्यंत आलो. गोळ्या चालू होत्या, ती शहाणी बाई आहे. मग मी विचारलं, मी रोज प्रार्थना करतोय की घरात, तिथे काय वेगळं मिळतं? ती म्हणाली, "तुम्ही देवाला नीट समजावून सांगता. तिथे मला ओरडता येतं."

यावर मी काय बोलणार.

पाळकाची भक्ती कोरडी का होते, याचं कारण मला सेमिनरीत कमी आणि धंद्यात जास्त दिसतं. हो, धंदाच म्हणतो. आठवड्यात आपण किती प्रार्थना करतो मोजा: भक्ती, दोन घरभेटी, एक बारसं, एक मयत, महिला मंडळ, दुकानाचं उद्घाटन, पंचांच्या मीटिंगची सुरुवात आणि शेवट. सगळ्या दुसऱ्यांसाठी, सगळ्या मोठ्यानं, सगळ्या कुणीतरी ऐकतंय हे माहीत असताना. हलवायाला गोड नको होतं तसं होतं. त्यात मंडळीच्या जमिनीचे वाद. माझी चार वर्षं एका मिशनच्या बंगल्याच्या दाव्यात कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. त्या काळात मी एकांतात देवाशी बोललो असेन तर वकील न आल्याबद्दल. सामान्य सभासदाला हे कळत नाही. त्याला वाटतं पाळकसाहेब दिवसभर देवाच्या सान्निध्यात. म्हणून तो आपला कोरडेपणा आपल्याला सांगत नाही, आणि आपण आपला त्याला. दोघंही एकमेकांसमोर इस्त्री केलेले.

आता काय करायचं ते, मी जे करून पाहिलं त्यातून.

पहिल्यांदा एका शुक्रवारी जाऊन मागच्या बाजूला बसा. आगाऊ सांगून जा, चोरून नको. मी गेलो तेव्हा उपदेश कच्चा होता, एका वचनावरून दुसऱ्यावर उड्या. पण उपदेशाच्या आधी त्या भाऊंनी जवळजवळ चाळीस माणसांना नावानं विचारलं: मुलाचं कॉलेज झालं का, सासूचा पाय कसा आहे, नवरा पिऊन आला का या आठवड्यात. त्यालाच तास गेला. माझ्या मंदिरात दारात हात मिळवून माणसं तीन मिनिटांत पांगायची. मी त्या दिवशी वहीत फक्त हेच लिहून आणलं.

तेल आणि हात यासाठी मार्कच्या शेवटच्या वचनांवर भार टाकायची गरज नाही. याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय आहे: कुणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना (म्हणजे जाणत्या कारभाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून प्रार्थना करावी. कुठल्या हस्तलिखिताचा प्रश्न नाही, आणि अँग्लिकन परंपरेत आजाऱ्याला तेल लावायचा विधीही आहे. आपण तो कपाटात ठेवला आणि मग लोक तेल शोधत शेडमध्ये गेले, यात नवल काय. मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजनानंतर आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. पाळक एकटा नाही, सोबत दोन वडील आणि महिला मंडळातल्या एक बाई. एक अट पहिल्या दिवशीच मोठ्यानं सांगितली: औषध कुणीही बंद करायचं नाही, आणि कुणी बरा झाला नाही तर त्याचा विश्वास कमी होता असं इथे कुणी बोलायचं नाही. ही अट कडक ठेवा. माझ्या ओळखीच्या एका ट्रकचालकानं कुठल्याशा सभेत "तू बरा झालास" असं ऐकून इन्सुलिन सोडलं होतं. पायाचा अंगठा गेला. लोकांची भक्ती समजून घ्या म्हणजे तिच्यातलं सगळं पोटात घाला, असं मी म्हणत नाही. जिथे माणसाचा जीव जातो तिथे पाळकानं वाईटपणा घ्यायचाच.

साक्षीसाठी उपदेशाच्या आधी पाच मिनिटं द्या. पहिल्या रविवारी कुणी उठलं नाही, छताचे पंखे तेवढे ऐकू येत होते. दुसऱ्या रविवारी साखर कारखान्यातला एक जण उठला आणि चौदा मिनिटं बोलला, त्यातली नऊ त्याच्या मुकादमाबद्दल. तिसऱ्या वेळेपासून मी घंटी ठेवली. चालतं.

आणि शिकलेलं लपवू नका. पुलपिटवरून मात्र काढू नका, तिथे लोकांना उलट विचारता येत नाही. आठवड्यातल्या अभ्यासाला, दहा-बारा माणसांत, चहा पीत काढा. मी बरीच वर्षं घाबरून होतो. शेवटी एका उपासकाळात (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) धीर केला आणि मार्कचा शेवट काढला. सांगितलं की सर्वांत जुन्या प्रती आठव्या वचनाला थांबतात: बायका कबरेपासून पळाल्या, घाबरल्या होत्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढचं नंतर जोडलेलं दिसतं. मी वादळाची वाट बघत होतो. एक तरुण म्हणाला, म्हणजे हात ठेवायचं वचन खोटं? मी म्हटलं, खोटं नाही, त्या वेळच्या मंडळ्या काय करत होत्या त्याची ती नोंद आहे. त्या हात ठेवत होत्या, म्हणून कुणीतरी लिहिलं. त्याला ते अर्धवट पटलं.

मग कोपऱ्यातून आमच्या आक्का, सत्तरीच्या पुढच्या, चौथी शिकलेल्या, शुक्रवारच्या शेडच्या पहिल्या रांगेतल्या, म्हणाल्या, "भ्याल्या आणि बोलल्या नाहीत असं लिहिलंय ना? मग आपल्याला कळलं कसं? कधीतरी बोलल्याच असतील की. आम्ही नाही का, घरात आधी वर्षभर गप्प बसतो आणि मग एक दिवस भाकरी थापताना बोलून जातो." वर्गात सरांनी मार्कच्या शेवटावर दोन तास घेतले होते. एवढं साधं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी आक्कांना एक विनंती केली, आणि तुम्हालाही तेच सुचवतो. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जायचो आणि म्हणायचो, आज मी प्रार्थना करणार नाही, तुम्ही माझ्यासाठी करा. पहिल्यांदा त्या लाजल्या, पदर ओढून बसल्या. मग सुरू झाल्या. माझ्या मुलीचं नाव, माझ्या पाठीचं दुखणं, कोर्टाची तारीख, सगळं त्यांना पाठ होतं. डोक्यावर हात ठेवला. हात भाकरीच्या पिठाचा होता. मी काय काय वाचलंय ते त्या वेळी आठवलं नाही एवढं खरं.

याचा परिणाम म्हणून शेड रिकामी झाली का? नाही. माझी माणसं शुक्रवारी जातच राहिली, काही कमी, काही तशीच. दोन कुटुंबं कायमची तिकडे गेली. तरुण पोरं तर आता मोबाइलवर तिसऱ्याच कुणाचे संदेश ऐकतात, हिंदीत आणि इंग्रजीत. त्याचा हिशोब मी ठेवत नाही. एवढं झालं की कोण कुठे जातं ते माझ्यासमोर बोलायला लागले, आणि मी काय मानतो काय नाही ते त्यांच्यासमोर बोलायला लागलो.

बदलीचं विचारलंत. या वर्षी अर्ज देऊ नका. पुढच्या गावातही शेड असणार, पत्रा तेवढा वेगळा. आधी उपासकाळातले सहा बुधवार घेऊन बघा. अभ्यासाला मार्क घ्या, सगळ्यांत छोटं शुभवर्तमान, आणि आठव्या वचनाशी थांबायची घाई करू नका, तिथे पोचायला सहा आठवडे लागू द्या.

तेल कोणतं हेही विचाराल म्हणून सांगतो. ऑलिव्हची लहान बाटली मेडिकलमध्ये मिळते. खेड्यात असाल तर खोबरेल चालतं, पण थंडीत गोठतं, आधी खिशात ठेवून ऊब द्या. बाटलीचं झाकण आट्यांचं बघा. माझी एक पांढरी स्टोल (भक्तीच्या वेळी गळ्यात घालायचा पट्टा) तेलानं गेली, ती अजून डागासकट कपाटात आहे.